बोटीवर चढण्याआधी गाडीचे काय?

वाचकांचे प्रश्न : प्रवास

मुंबईहून समुद्रमार्गे गोवा किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्या खान्देशातील वाचकांची बरीच पत्रे या खेपेस आली आहेत. जवळजवळ प्रत्येक पत्रात शंका जहाजाविषयी नसून घरून नेलेल्या गाडीविषयी आहे. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिले उत्तर मोठे आहे, कारण त्यातील बहुतेक गोष्टी सर्वांनाच लागू पडतात.

प्रश्न : आम्ही अमळनेरचे. मी, पत्नी, दोन मुले आणि आई-वडील असे सहा जण चार रात्रींच्या सागरी सहलीला निघालो आहोत. वडिलांचे वय बहात्तर असून त्यांचे गुडघे दुखतात. घरी सात आसनी गाडी आहे आणि ती मी स्वतः चालवतो. रात्री अकराला निघून सकाळी बंदरावर पोहोचावे, तेथेच गाडी लावावी आणि दुपारी जहाजावर चढावे, असा विचार आहे. माझे साडू डोंबिवलीला असतात. गाडी बंदरावर लावावी की त्यांच्याकडे, आणि रात्रीचा प्रवास योग्य होईल का?

उत्तर : आपण वडिलांच्या गुडघ्यांचा उल्लेख केलात हे बरे झाले, कारण माझ्या मते सारा निर्णय तेथूनच सुरू व्हायला हवा. आपल्याला गाडीची खरी गरज घरापासून एका ठरावीक ठिकाणापर्यंतच आहे. त्यापुढे ती सोय न राहता चार दिवस सांभाळण्याची वस्तू होते. ते ठिकाण कोणते, एवढेच आपल्याला ठरवायचे आहे.

आधी बंदराविषयी. मुंबईचे क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअरला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून दीड-दोन किलोमीटरवर आहे. तेथील नवी भव्य इमारत २०२५ साली सुरू झाली. तिच्या बहुमजली वाहनतळात तीनशेहून काही अधिक गाड्या मावतात. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो, पण मुंबईहून नियमित सुटणारे एकच जहाज दीड हजारांहून अधिक प्रवासी घेऊन जाते, आणि त्या टर्मिनलवर एका वेळी एकाहून अधिक जहाजे लागू शकतात. शिवाय प्रवाशांना सोडायला व घ्यायला येणाऱ्या गाड्यांनाही तीच जागा लागते. म्हणून आपल्या गाडीला तेथे चार रात्रींसाठी जागा मिळेलच, असे धरून निघू नये. ज्या कंपनीकडे तिकीट काढले आहे तिला पत्राने किंवा ई-मेलने तीन गोष्टी विचाराव्यात: मुक्कामी पार्किंग मिळते का, त्याचे आरक्षण होते का आणि दिवसाचा दर काय. उत्तर लेखी आले तरच बंदरावरच्या पार्किंगचा विचार करावा. बुकिंग करून देणाऱ्या एजंटाच्या तोंडी ‘होऊन जाईल’वर सहा माणसांचा प्रवास अवलंबून ठेवू नये.

बॅलार्ड इस्टेट आणि हॉर्निमन सर्कलच्या परिसरात रस्त्यालगत महापालिकेची ‘पे अँड पार्क’ची जागा आहे. तिचा दर तासावर चालतो आणि ती कचेरीत किंवा बाजारात आलेल्या माणसासाठी असते. चार दिवस गाडी ठेवण्यासाठी ती नव्हेच.

याच संदर्भात माझ्या घरचा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही गोदी भागातील एका खासगी आवारात तीन रात्रींसाठी गाडी ठेवली होती. माणूस बोलायला चांगला होता, भाडे माफक होते आणि ‘मागच्या गाडीला जागा द्यावी लागते’ म्हणून त्याने किल्ली मागितली. आम्ही ती दिली आणि पावती मागितली नाही. परतल्यावर गाडी दुसऱ्याच कोपऱ्यात उभी होती, चालकाची सीट मागे सरकवलेली होती आणि किलोमीटरचा आकडा निघतानाच्या नोंदीपेक्षा सेहेचाळीसने पुढे गेला होता. पावतीच नसल्यामुळे आम्हाला काही बोलता आले नाही. तेव्हापासून माझा नियम ठरला आहे की, जेथे किल्ली द्यावी लागते तेथे मुक्कामी गाडी ठेवायची नाही, आणि जेथे ठेवायची तेथे गाडीचा क्रमांक व परतीची तारीख लिहिलेली पावती घ्यायची. गाडी सोडताना किलोमीटरच्या काट्याचे आणि चारही बाजूंचे छायाचित्र मोबाइलवर घेऊन ठेवावे. आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. जहाज किनाऱ्यापासून दूर गेले की मोबाइलला रेंज राहत नाही. गाडीमुळे कोणाची अडचण झाली तर आपल्याला फोन लागणार नाही, म्हणून काचेआड चिकटवायच्या कागदावर आपला नव्हे, तर मुंबईतील किंवा घरच्या कोणाचा तरी क्रमांक लिहावा.

आता रस्त्याचा विचार करू. धुळ्यापासून मुंबई सुमारे सव्वातीनशे किलोमीटर आहे आणि अमळनेरहून धुळ्यापर्यंतचे पस्तीस-छत्तीस त्यात मिळवले की एका बाजूचे साधारण ३६० होतात. लळिंग, चांदवड, पिंपळगाव असे टोलनाके ओलांडत नाशिकपर्यंत आपण सहज याल. पुढे घोटी-इगतपुरी परिसरातून समृद्धी महामार्गावर चढता येते. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून कसारा घाट टळतो, आणि रात्री किंवा धुक्यात घाट उतरण्याची ज्यांना धास्ती वाटते त्यांनी हाच मार्ग घ्यावा. मात्र राष्ट्रीय महामार्गांसाठी फास्टॅगचा जो वार्षिक पास निघाला आहे तो समृद्धीवर चालत नाही, तेव्हा फास्टॅगमध्ये वेगळी शिल्लक ठेवावी.

खरी परीक्षा समृद्धी संपल्यावर सुरू होते. आमण्याहून आपण वडप्याजवळ पुन्हा जुन्या नाशिक महामार्गावर येता, आणि वडपे ते ठाण्याचा माजिवडा नाका या टप्प्यात भिवंडीच्या गोदामांची अवजड वाहने आणि रस्ता रुंदीकरणाचे काम यांमुळे घाटात वाचलेला वेळ खर्ची पडू शकतो. हे अंतर कधी अर्ध्या तासात सरते, कधी दोन तासांतही सरत नाही. रात्री अकराला निघालेली गाडी पहाटे येथे पोहोचते, त्या वेळी अवजड वाहने भरपूर असतात आणि चालकाच्या डोळ्यांवर झोपही तेव्हाच येते. पुढे ठाण्याहून पूर्व द्रुतगती मार्गाला लागेपर्यंत मुंबईची सकाळची गर्दी सुरू झालेली असते. आपण एकटेच चालक आहात. म्हणून रात्रीच्या प्रवासाला माझे उत्तर स्पष्ट नाही असे आहे.

आपल्या कुटुंबासाठी मला सर्वांत योग्य वाटतो तो मार्ग असा: गाडी जळगावपर्यंतच न्यावी, तीही कोणी परत नेणारे असेल तर उत्तम, आणि तेथून रात्रीच्या रेल्वेने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरावे. अमरावती एक्सप्रेस पहाटे पोहोचते, पंजाब मेल सकाळी. वडिलांना रात्रभर आडवे होता येते, आणि उतरल्यावर बंदर इतके जवळ असते की टॅक्सीत बसल्यावर दहा-पंधरा मिनिटांत तेथे पोहोचता येते. लांब पल्ल्याच्या गाड्या लागतात त्या फलाटांकडून पूर्वेला पी. डि’मेलो रस्त्याकडे बाहेर पडता येते. बंदर त्याच बाजूला असल्यामुळे मुख्य इमारतीकडे जाऊन चौकातल्या गर्दीत टॅक्सी शोधण्याची गरज नाही. चाकाची खुर्ची आणि हमाल यांची सोय स्थानकावर आहे. चढण्याची वेळ दुपारची असेल तर मधले तास प्रतीक्षालयात किंवा जवळच्या एखाद्या लॉजवर काढावेत. पूर्वी विलायतेच्या बोटींचे प्रवासी धक्क्यावरून थेट आगगाडीत बसावेत म्हणून बॅलार्ड पिअर मोल नावाचे रेल्वे स्थानकच तेथे होते. ते आता नाही, पण रेल्वे आणि बंदर यांची ती जवळीक आजही आपल्या उपयोगी पडते.

गाडीच न्यायची असे घरात ठरले, तर साडूंचे घर हा बंदरापेक्षा कितीतरी चांगला पर्याय आहे; अट एवढीच की आदल्या दिवशी दुपारपर्यंत तेथे पोहोचावे. नाशिककडून येताना माणकोलीला वळून माणकोली-मोठागाव पुलावरून थेट डोंबिवलीत शिरता येते, त्यामुळे ठाण्यापर्यंत जाण्याचे कारण उरत नाही. मात्र निघण्यापूर्वी साडूंना त्यांच्या सोसायटीत विचारून ठेवायला सांगावे. पाहुण्यांच्या गाडीला एक रात्र कोणी हरकत घेत नाही, पण चार रात्री म्हटल्यावर सचिवांची परवानगी लागते. आपल्या गाडीमुळे साडूंना कोणाचे बोलणे ऐकावे लागू नये, याची काळजी आपणच घ्यायची असते.

डोंबिवलीहून बंदराकडे लोकलने जाण्याचा विचार करू नये. सकाळी आठ ते अकरा या वेळेत तेथे रिकाम्या हाताने चढणेही कठीण असते, मग पेट्या आणि वडीलधारी माणसे घेऊन काय होईल? रविवारी गर्दी कमी असते, पण मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतो. सहा जण आणि सामान मावेल अशी मोठी टॅक्सी आदल्या दिवशीच ठरवावी, आणि चढण्याच्या वेळेपूर्वी किमान चार तास आधी निघावे. जहाजाची प्रवेशखिडकी सुटण्याच्या बरीच आधी बंद होते, आणि ती वेळ टळल्यावर कोणाची विनवणी चालत नाही. तिकिटावर सुटण्याची वेळ ठळक असते, पण आपण पाहायची ती प्रवेश बंद होण्याची वेळ.

चालक घेऊन जावे, त्याने सोडून परत यावे आणि पुन्हा घ्यायला यावे, असे अनेक जण करतात. त्याचा हिशेब घालून पाहा. जाऊन-येऊन ७२० किलोमीटर, म्हणजे लिटरला पंधरा किलोमीटर देणाऱ्या गाडीला ४८ लिटर इंधन लागते. चालकाने दोनदा ये-जा केली की तेच ९६ लिटर होते, आणि टोल व चालकाचा भत्ता दुप्पट होतो तो निराळा. त्यापेक्षा जाताना पिवळ्या पाटीची भाड्याची गाडी आणि येताना मुंबईहून खान्देशात रिकामी परतणारी ‘रिटर्न गाडी’ ठरवणे पुष्कळ वेळा स्वस्त पडते. ओळखीच्याची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने नेऊ नये. अपघात झाल्यास विमा नाकारला जाऊ शकतो.

प्रश्न : आम्ही दोघे नंदुरबारचे. आमच्याकडे लहान मोटार आहे. आम्हाला धुळे-नाशिक मार्ग सोयीचा की नवापूर-सुरतचा? आणि रेल्वेने गेल्यास बंदरापर्यंत रिक्षा मिळते का?

उत्तर : दोघेच असाल तर रेल्वेनेच जावे. खान्देश एक्सप्रेस ठरावीक दिवशी सुरतमार्गे पश्चिम रेल्वेने मुंबईला येते. तिचा वार आपल्या तारखेला जुळत नसेल तर सुरतला गाडी बदलून जाता येते. लक्षात ठेवायचे ते हे की या गाड्या पश्चिम रेल्वेच्या स्थानकांवर येतात, सीएसएमटीला नव्हे, त्यामुळे उतरल्यावर टॅक्सीचा पल्ला थोडा लांबतो.

रिक्षा मात्र बंदरापर्यंत मिळणार नाही. मुंबईत रिक्षांना वांद्रे-शीवच्या दक्षिणेस परवानगी नाही, त्यामुळे दादर, मुंबई सेंट्रल किंवा सीएसएमटीला उतरणाऱ्याने काळी-पिवळी टॅक्सी किंवा ॲपवरची गाडीच धरावी. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे किमान भाडे १ फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये आहे आणि भाडे मीटरप्रमाणे द्यायचे असते. सामान पाहून कोणी अवाच्या सवा रक्कम सांगितली तर पुढची टॅक्सी पाहावी. मुंबईत टॅक्सींना तोटा नाही. सामान कमी असेल तर भुयारी मेट्रोचाही उपयोग होतो. आरे ते कफ परेड ही पूर्ण मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून सुरू असून तिची सीएसएमटी आणि हुतात्मा चौक ही स्थानके बॅलार्ड इस्टेटपासून जवळ आहेत.

मोटारीनेच जायचे असेल तर सुरतचा मार्ग घेण्यात मला फायदा दिसत नाही. तो मार्ग मुंबईत दहिसरकडून, म्हणजे पश्चिम उपनगरांतून शिरतो, आणि आपल्याला जायचे आहे ते बंदर शहराच्या पूर्व किनाऱ्यावर आहे.

प्रश्न : मी भुसावळला राहतो. आई-वडील दोघेच सहलीला जाणार आहेत आणि मी त्यांना माझ्या गाडीने सोडायला जाणार आहे. गाडी थेट टर्मिनलपर्यंत नेता येते का? मला त्यांच्याबरोबर आत जाता येईल का?

उत्तर : ठाण्याहून पूर्व द्रुतगती मार्गाने घाटकोपरच्या छेडानगरपर्यंत यावे आणि तेथून पूर्व मुक्त मार्गावर चढावे. हा मार्ग जवळजवळ सतरा किलोमीटरचा असून वाटेत सिग्नल नाही, आणि तो पी. डि’मेलो रस्त्यावर ऑरेंज गेटपाशी उतरतो. सध्या ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह बोगद्याचे काम चालू असल्यामुळे या शेवटच्या भागात अर्धा तास जास्तीचा धरावा. मुंबईच्या वेशीवरील टोल लहान मोटारींना ऑक्टोबर २०२४ पासून माफ आहे, तेव्हा तेथे थांबण्याचे कारण नाही.

गोदीच्या लांबच लांब भिंतीला रंगांच्या नावांची फाटके आहेत: ऑरेंज, यलो, रेड, ग्रीन. बॅलार्ड इस्टेटच्या टोकाला आहे ते ग्रीन गेट, आणि क्रूझ टर्मिनलची वाट विचारताना त्याचेच नाव घ्यावे. नुसते ‘बोटीच्या धक्क्यावर’ म्हटले तर मुंबईचा माणूस आपल्याला माझगावच्या भाऊच्या धक्क्यावर पाठवील, कारण मांडव्याची गाड्या नेणारी रो-रो बोट तेथून सुटते. काही जण गेटवे ऑफ इंडियाला जाऊन थांबतात. ही तिन्ही ठिकाणे नकाशावर जवळ दिसतात, पण ऐनवेळी एकातून दुसऱ्याकडे जाताना वृद्धांचा जीव टांगणीला लागतो. मोठी खूण हवी असेल तर जीपीओ आणि रिझर्व्ह बँकेची इमारत लक्षात ठेवावी.

फाटकावर सुरक्षा दलाचे जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहतात, म्हणून दोघांची ओळखपत्रे पेटीत न ठेवता आईच्या हातातल्या पिशवीत असू द्यावीत. गाडी प्रवाशांना उतरवण्यापुरती थांबवता येते. तपासणीच्या पुढे आपल्याला जाता येणार नाही, तेव्हा चाकाची खुर्ची हवी असल्यास ती तिकीट काढतानाच नोंदवावी. मोठी पेटी दाराशीच स्वीकारली जाते आणि ती नंतर खोलीपर्यंत येते. औषधांची पिशवी मात्र त्या पेटीत जाऊ देऊ नये. सोडल्यानंतर दोन-तीन तास शहरात थांबायचे असेल तर रविवारी बॅलार्ड इस्टेटमध्ये गाडीला जागा सापडते, कारण कचेऱ्या बंद असतात. कामाच्या दिवशी तो प्रयत्न करू नये. जानेवारीतील तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन सीएसएमटीच्या परिसरातून निघते आणि दुपारपर्यंत बरेच रस्ते बंद असतात. सहलीची तारीख त्या दिवशी येत असेल तर आई-वडिलांना आदल्या रात्री दक्षिण मुंबईतच मुक्कामाला ठेवावे.

प्रश्न : आम्ही चाळीसगावचे. जाण्याची व्यवस्था झाली आहे. गाडी ठाण्याला आतेभावाकडे असेल. जहाज सकाळी परत येते. उतरून गाडी घेतली आणि लगेच निघालो तर रात्रीपर्यंत घरी पोहोचता येईल ना?

उत्तर : अंतराच्या हिशेबाने पोहोचता येईल, तरी मी तसे करू नये असेच सांगेन. जहाज सकाळी लागले तरी सामान मिळून बाहेर पडेपर्यंत बराच वेळ जातो, आणि तेथून ठाण्याला जाऊन गाडी हाती येईपर्यंत दुपार होते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. काही दिवस पाण्यावर काढलेल्या अनेकांना उतरल्यानंतर काही तास, क्वचित दिवसभरही, पायाखालची जमीन डोलल्यासारखी वाटते. हा आजार नव्हे, शरीर समुद्राच्या हालचालीला सरावलेले असते इतकेच. पण त्या स्थितीत शंभराच्या वेगाने समृद्धीवर गाडी चालवणे धोक्याचे आहे. जहाजावर उलटीची गोळी घेतली असेल तर तिची गुंगीही असते.

त्या दिवशी आतेभावाकडेच जेवून विश्रांती घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला, भिवंडीचा रस्ता भरण्याआधी, निघावे. कामावर हजर होणे भागच असेल तर नाशिकपर्यंत येऊन मुक्काम करावा. गाडी चार-पाच दिवस एका जागी उभी असल्यामुळे निघण्यापूर्वी चाकांतील हवा पाहावी, आणि बॅटरीने दगा दिल्यास उपयोगी पडावी म्हणून जोडणीची केबल जातानाच डिकीत टाकून ठेवावी.